मुलाखतीची खरी तयारी

लेखी परीक्षेचा निकाल लागतो, यादींत घरांतल्या मुलाचें किंवा मुलीचें नांव झळकतें, आणि कांहीं दिवसांनीं मुलाखतीचें बोलावणें येतें. त्या दिवसापासून घरांत उपदेशाला तोटा राहत नाहीं. मामा सांगतात, ‘खणखणीत बोल.’ शेजारचे निवृत्त गृहस्थ सांगतात, ‘वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून जा.’ आत्याबाई नव्या सदऱ्याची आठवण देतात. आणि कोणी तरी हळूच विचारतो कीं, मंडळावर आपल्या ओळखीचें कोणी आहे काय? हे सारे उपदेश प्रेमापोटीं दिलेले असतात. परंतु ज्याला जावयाचें आहे, त्याच्या मनांतला मूळ प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं. टेबलापलीकडे बसलेलीं तीं अनोळखी माणसें अर्ध्या तासांत माझ्यांत पाहणार तरी काय? आज याच प्रश्नाचा विचार करूं. त्याचें उत्तर सांपडलें, म्हणजे तयारी कशाची करावयाची हेंही ठरवितां येईल.

प्रथम मुलाखतीचें स्थान किती, हें पाहूं. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या भरतींतून मुलाखत काढून टाकली. तेथें आतां लेखी परीक्षा आणि जरूर तर कौशल्याची चांचणी यांवरच निवड होते. परंतु जेथें काम जबाबदारीचें आहे, जेथें निर्णय घ्यावयाचे आहेत आणि माणसें सांभाळावयाचीं आहेत, तेथें मुलाखत अजून कायम आहे. उदाहरण म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा घेऊं. तिच्या मुख्य लेखी परीक्षेला १७५० गुण आणि मुलाखतीला २७५ गुण आहेत, एकूण २०२५. म्हणजे मुलाखतीचा वांटा शेंकडा साडेतेराच्या आसपास. तिला किमान गुणांची अट नाहीं. दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्यें जें मंडळ उमेदवारापुढें बसतें, त्याला त्याचे लेखी परीक्षेचे गुण ठाऊक नसतात. पूर्वी काय मिळविलें याचें ओझेंही नाहीं आणि आधारही नाहीं. दाराआड प्रत्येक जण सारखाच आंत जातो.

या मुलाखतीला आयोग ‘व्यक्तिमत्त्व चांचणी’ म्हणतो. नियमांत तिचें जें वर्णन आहे, तें प्रत्येक उमेदवारानें शांतपणें वाचण्याजोगें आहे. ही उलटतपासणी नव्हे, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. हें एक स्वाभाविक संभाषण आहे. मात्र त्याला दिशा आहे आणि हेतु आहे. विषयाचें ज्ञान लेखी परीक्षेंत तपासून झालेलें असतें. येथें पाहावयाचें तें मनाची सावधता, विचारांची स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, निर्णयांतील समतोल, आवडीनिवडींची खोली आणि बुद्धीचा व वर्तनाचा प्रामाणिकपणा. या यादींत वक्तृत्व नाहीं, पाठांतर नाहीं, आणि इंग्रजीचा झोंकही नाहीं. खाजगी कंपन्या, बँका, शाळा यांच्या मुलाखती निराळ्या रीतीनें होतात. पण सर्वांच्या मुळाशीं प्रश्न एकच असतो. हें काम या माणसाच्या हातीं सोंपवावें काय, आणि याच्या शेजारीं बसून आपल्याला काम करतां येईल काय?

आतां एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. मुलाखत हें निर्दोष साधन नाहीं. शितावरून भाताची परीक्षा करावी, हें खरें. पण माणसाचें मन भाताच्या पातेल्यासारखें सर्वत्र सारखें शिजलेलें नसतें. १९२० सालीं एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले. अंगलट, बुद्धि, नेतृत्व आणि चारित्र्य हे चार गुण वेगवेगळे. परंतु ज्याला एका गुणांत वरचा शेरा मिळाला, त्याला बाकीच्यांतही वरचाच मिळालेला त्याला दिसला. एका गुणाचें तेज इतरांवर पसरतें आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. मुलाखत घेणारीं माणसेंही माणसेंच आहेत. तीं या दोषांतून सुटलेलीं नाहींत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही हा धोका ओळखला. १९८५ सालीं हरियाणा राज्याच्या सेवाभरतीचा खटला त्याच्यापुढें होता. सर्वसाधारण उमेदवारांसाठीं एकूण गुणांपैकीं शेंकडा २२ हून अधिक गुण तोंडी परीक्षेला ठेवलेले होते. इतक्या गुणांनीं मनमानीला वाव मिळतो, असें न्यायालयानें ठरविलें आणि हें प्रमाण शेंकडा १२.२ च्या वर नसावें असें सांगितलें. तरीही तोंडी परीक्षाच रद्द करावी, असें त्यानें म्हटलें नाहीं; कारण कांहीं गुण लेखी उत्तरांत दिसतच नाहींत. मग मार्ग कोणता? १९९८ सालीं फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनीं ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमानें आणि गुण देण्याचें माप आधीं ठरवून विचारलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षां उमेदवाराचें पुढील काम अधिक चांगलें ओळखते, असें त्यांना आढळलें. २०२२ सालच्या पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या फेरतपासणींतही हें अंतर ठळकपणें दिसलें.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारतील कीं, हें सारें उमेदवाराला सांगून काय उपयोग? उपयोग दुहेरी आहे. मोठ्या संस्थांतून आतां ठरीव प्रश्नांची पद्धति पुष्कळ चालते, आणि तींत ‘तुम्ही कसे आहांत’ यापेक्षां ‘तुम्हीं अमुक प्रसंगीं काय केलेंत’ असें विचारण्याकडे कल असतो. तयारीही त्या दिशेनें केली पाहिजे. दुसरें असें कीं, साधन सदोष आहे हें ठाऊक असलें, म्हणजे एका नकारानें माणूस स्वतःची किंमत शून्य ठरवीत नाहीं. या दुसऱ्या मुद्द्याकडे मी शेवटीं पुन्हा येईन.

तयारीचें पहिलें पुस्तक म्हणजे आपण स्वतः भरलेला अर्ज. नवल असें कीं, उमेदवार साऱ्या जगाच्या घडामोडी वाचतात, पण स्वतःचा अर्ज पुन्हा वाचीत नाहींत. मंडळापुढें मात्र तोच कागद असतो. त्यांतली प्रत्येक ओळ हें एक दार आहे, आणि त्या दारांतून प्रश्न आंत येऊं शकतो. अर्जांत गांव सोलापूर असेल, तर तेथें कापडाचा धंदा कशामुळें वाढला, जुन्या गिरण्या बंद कां पडल्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्याची आजची अडचण काय, हें विचारलें जाईल. छंद म्हणून ‘गड चढणें’ असें लिहिलें असेल, तर कोणते गड पाहिले, कोणत्या गडावर पाण्याचीं टांकीं अजून वापरांत आहेत, असा प्रश्न येईल. ‘वाचन’ लिहिलें असेल, तर शेवटचें पुस्तक कोणतें आणि त्यांतलें काय पटलें नाहीं, हें सांगतां आलें पाहिजे. केवळ शोभेसाठीं लिहिलेला छंद पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून अर्जाच्या प्रत्येक ओळीपुढें स्वतःच पांच-पांच प्रश्न लिहावेत आणि त्यांचीं उत्तरें शोधावींत.

दुसरें पुस्तक म्हणजे तें काम. जाहिरातींत कामाचें वर्णन असतें. तें पगाराच्या आंकड्यापाशीं न थांबतां वाचावें. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यांत कनिष्ठ अभियंत्याची जागा असेल, तर त्या शहराला पाणी कोठून येतें, कोणत्या भागांत तें कमी दाबानें येतें, गळती कशी शोधतात, हें माहीत करून घ्यावें. बँकेंत अधिकारी व्हावयाचें असेल, तर एखाद्या शाखेंत जाऊन तासभर बसावें. पीककर्जासाठीं आलेला शेतकरी कोणते कागद आणतो आणि कोठें अडतो, हें डोळ्यांनीं पाहावें. ज्यानें काम पाहिलेलें असतें, त्याच्या बोलण्यांत एक निराळीच ठामपणाची छटा येते. ती शिकवणीच्या वर्गांत मिळत नाहीं.

तिसरी तयारी प्रसंगांची. आपल्या आयुष्यांतले खरे चार-पांच प्रसंग निवडून ठेवावेत. एक अडचणीचा, एक मतभेदाचा, एक चुकीचा, एक इतरांबरोबर मिळून केलेल्या कामाचा. प्रत्येकांत चार गोष्टी सांगतां याव्यात: परिस्थिति काय होती, माझ्याकडे काय होतें, मीं काय केलें, आणि त्यांतून काय निष्पन्न झालें. ‘माझ्या अंगीं नेतृत्वाचे गुण आहेत,’ हें वाक्य कोणीही म्हणूं शकतो आणि त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाहीं. त्याऐवजीं हें ऐका: ‘महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं मंडपवाल्यानें नकार दिला. वर्गणीचे बारा हजार रुपये माझ्याकडे शिल्लक होते. मीं प्राचार्यांकडून सभागृह मागून घेतलें, खुर्च्या शेजारच्या शाळेंतून आणविल्या. कार्यक्रम दोन तास उशिरां झाला, पण झाला. पुढच्या वर्षीं मंडपाचा करार आम्हीं लेखी केला.’ यांत नेतृत्व हा शब्द एकदांही आलेला नाहीं. मात्र ऐकणाऱ्याला माणूस दिसतो. येथें ‘आम्हीं’ आणि ‘मीं’ यांतला भेद प्रामाणिकपणें पाळावा. सगळ्यांचें काम स्वतःच्या नांवावर घेऊं नये, आणि स्वतःचें काम ‘आम्ही’च्या गर्दींत हरवूंही देऊं नये.

हीं उत्तरें पाठ मात्र करूं नयेत. पाठ केलेलें उत्तर कानाला लगेच ओळखूं येतें, आणि मध्यें एक शब्द निसटला कीं सारी माळ तुटते. मुद्दे ध्यानांत ठेवावेत, वाक्यें त्या वेळीं सुचूं द्यावींत. यासाठीं मोठ्यानें बोलण्याचा सराव हवा, आणि येथेंच घरच्यांची खरी मदत होते. थोरल्या बहिणीनें किंवा काकांनीं जेवणानंतर अर्धा तास समोर बसून प्रश्न विचारावेत. त्यांनीं उत्तर सुधारून देऊं नये. फक्त कोठें कळलें नाहीं, कोठें कंटाळा आला, तेवढें सांगावें.

आतां प्रत्यक्ष दिवसाकडे येऊं. पोषाख स्वच्छ, साधा आणि अंगाला संवयीचा असावा. नवा सदरा त्या दिवशींच प्रथम घातला, तर मन त्याच्या गळपट्टींत अडकून राहतें. मूळ प्रमाणपत्रें आणि त्यांच्या प्रती आदल्या रात्रीं क्रमानें लावून ठेवाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यांत लोकलगाडीवर भरंवसा ठेवून शेवटच्या घटकेला निघूं नये. हल्लीं कित्येक मुलाखती संगणकाच्या पडद्यावरून होतात. अशा वेळीं प्रकाश तोंडावर पडेल असें बसावें, पाठीमागें घरांतली वर्दळ नसावी, आणि बोलतांना पडद्यावरील स्वतःच्या चित्राकडे न पाहतां कॅमेऱ्याकडे पाहावें.

आंत गेल्यावर पहिलें कर्तव्य ऐकण्याचें. प्रश्न पुरा होऊं द्यावा. दोन क्षण थांबलें तर कांहीं बिघडत नाहीं. तो विचार करणाऱ्याचा थांबा आहे, हें मंडळाला कळतें. प्रश्न समजला नाहीं, तर ‘साहेब, प्रश्न पुन्हा सांगाल काय?’ असें विचारण्यांत कमीपणा नाहीं. उत्तर आधीं एका वाक्यांत द्यावें, मग कारण, मग उदाहरण. मतभेदाचा विषय असेल, तर दोन्ही बाजू मांडून आपला कल कोणीकडे व कां, हें सांगावें. सभासदानें उलट मत मांडलें, तर लगेच माघार घेऊं नये आणि हट्टही धरूं नये. ‘हा मुद्दा माझ्या ध्यानांत आला नव्हता, तरी अमुक कारणासाठीं मला असें वाटतें,’ एवढें म्हणतां येणें हाच समतोल.

आणि जें ठाऊक नाहीं, तें ठाऊक नाहीं म्हणावें. याविषयीं १९२१ सालची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. थोर संशोधक टॉमस एडिसन नोकरीसाठीं येणाऱ्या पदवीधरांना एक लांबलचक प्रश्नावलि देत असे. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात, व्होल्गा नदी कोठें आहे, असले प्रश्न तींत होते. ती वर्तमानपत्रांत फुटली आणि अमेरिकेंत मोठी चर्चा उसळली. नेमके त्याच सुमारास अल्बर्ट आइन्स्टाइन त्या देशांत आले होते. बातमीदारांनीं त्यांना विचारलें कीं, ध्वनीचा वेग किती? पुस्तकांत सहज सांपडणारी माहिती आपण डोक्यांत वागवीत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. आपण आइन्स्टाइन नाहीं. आपल्या कामाच्या प्राथमिक गोष्टी आपल्याला आल्याच पाहिजेत. पण एका आंकड्याच्या अज्ञानानें कोणी नापास होत नाहीं. अंदाजानें ठोकून दिलेल्या उत्तरानें मात्र मंडळाच्या मनांत शंका शिरते कीं, हा उद्यां फायलीवरही असेंच करील.

भाषेविषयींची भीति पुष्कळ मराठी मुलांना पोखरते. इंग्रजी अडखळतें, म्हणून आपण कमी, असें त्यांना वाटतें. नागरी सेवेची मुख्य परीक्षा ज्यानें मराठींतून दिली आहे, त्याला मुलाखतही मराठींतून देतां येते. जेथें इंग्रजी अपरिहार्य आहे, तेथें लहान, सरळ वाक्यें बोलावींत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें मंडळावरील अनुभवी माणसें जाणून असतात.

कांहीं प्रश्न बोंचरे असतात. दोन वर्षें रिकामीं कां गेलीं? वडिलांचें आजारपण असेल किंवा परीक्षेंतलें अपयश असेल. एका वाक्यांत खरें कारण सांगावें, त्या काळांत काय शिकलों तें दुसऱ्या वाक्यांत सांगावें आणि थांबावें. मुलींना अजूनही लग्नाविषयीं, मुलाबाळांविषयीं विचारलें जातें. तें मुलांना क्वचितच विचारतात. हा प्रश्न अन्यायाचा आहे. तरी त्या खोलींत संतापून काम भागत नाहीं. ‘या कामाच्या वेळा आणि फिरती मला ठाऊक आहे, आणि ती पार पाडण्याच्या तयारीनेंच मी आलें आहें,’ असें सांगून संभाषण पुन्हा कामाकडे वळवितां येतें. अशी संस्था आपल्याला हवी काय, हें घरीं आल्यावर तिनें जरूर ठरवावें. कारण मुलाखत दोन्ही बाजूंची असते. शेवटीं ‘आपल्याला कांहीं विचारावयाचें आहे काय?’ असें म्हटलें, तर पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा राहील, असा प्रश्न विचारावा. त्याचें उत्तर खरोखर उपयोगी पडतें.

मुलाखत संपली, म्हणजे त्याच संध्याकाळीं सारे प्रश्न वहींत उतरून ठेवावेत आणि कोठें अडलों त्यावर खूण करावी. दुसऱ्या मुलाखतीची तयारी तेथूनच सुरू होते.

आतां घरच्या मंडळींसाठीं दोन शब्द. निकाल प्रतिकूल येऊं शकतो. दहा जागांसाठीं तीस लायक माणसें बोलावलीं, तर वीस लायक माणसें परत जाणारच. हा हिशोब आहे, त्यांत कोणाचा अपमान नाहीं. वर पाहिलेंच कीं, अर्ध्या तासाचें हें माप स्थूल आहे. पण पंचविशीच्या आंतला मुलगा हा हिशोब मांडीत नाहीं. तिसऱ्या नकारानंतर तो जेवतांना गप्प बसूं लागतो, पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत जातो, मित्रांना टाळतो. त्या वेळीं ‘अमक्याच्या मुलाला लागली’ हें वाक्य घरांत उच्चारूं नये. ‘कोणते प्रश्न विचारले?’ असें विचारावें, आणि त्याची वही पुढें घेऊन बसावें. मौन लांबलें, झोंप उडाली, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यांत संकोच करूं नये. नोकरी आज मिळाली नाहीं, तर उद्यां दुसरीकडे मिळेल. परंतु घरांतलें माणूस हिरमुसून गेलें, तर तें परत आपल्यांत येण्यास फार वेळ लागतो. मुलाखतीच्या दिवशीं सकाळीं त्याला दारापर्यंत पोंचवा. आणि संध्याकाळीं निकालाची वाट न पाहतां गरम जेवण तयार ठेवा. मंडळापुढें निर्धास्त बसण्याचें बळ त्याला कोणत्याही उपदेशापेक्षां यांतूनच अधिक मिळेल.